सापडलेले आवाज : जुन्या रेकॉर्डी, आकाशवाणी आणि आंतरजालावरची नवलाई

टिळकवाडी_तबकडी

मंडळी, आंतरजालावर ऐकण्यासारखं जे जे हाती लागतं ते इथं टाकूया. गाणी, रेडिओचे कार्यक्रम, आणि कुठल्याच कप्प्यात न बसणारे आवाजसुद्धा. विनंती एकच, नुसता दुवा टाकू नका. कुठं सापडलं, किती मिनिटांचं, कोणत्या सालचं, लेबलवर काय छापलंय आणि ऐकताना कान कुठं द्यायचा, एवढं लिहा. दुवे मरतात. गायकाचं नाव आणि रेकॉर्डचा क्रमांक असला की तीच चीज पुन्हा शोधता येते.

सुरुवात सगळ्यांत लांब गेलेल्या रेकॉर्डपासून. १९७७ साली व्हॉयेजरच्या दोन्ही यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी पाठवली. तिच्यावर ५५ भाषांतले नमस्कार आहेत, त्यांत मराठीही आहे आणि कन्नडही. नासानं २०१५ मध्ये ते साउंडक्लाउडवर ठेवले. एकेक नमस्कार काही सेकंदांचाच आहे. घरात एक आणि बाजारात दुसरी भाषा बोलणाऱ्या आपल्या बेळगाव भागातल्या माणसानं हे दोन्ही शोधून एकापाठोपाठ एक लावावेत, फार बरं वाटतं.

त्याच तबकडीवर केसरबाई केरकरांची भैरवी आहे, साडेतीन मिनिटांची. पण नासाच्या त्या पानावर फक्त नमस्कार आणि पृथ्वीवरचे आवाज आहेत, संगीत नाही. केसरबाई वेगळ्या शोधाव्या लागतात.

आणखी एक गोष्ट. ही तबकडी मिनिटाला १६⅔ फेऱ्यांनी वाजवायची आहे, म्हणजे एका फेरीला ३.६ सेकंद. हा वेग तिच्या झाकणावर कोरलाय, तोही हायड्रोजनच्या अणूवरून काढलेल्या कालमापात, म्हणजे वाचणाऱ्याकडे आपलं घड्याळ नसलं तरी चालेल. आपल्या जुन्या रेकॉर्डींवर एवढं कुणी लिहून ठेवलं असतं तर निम्मी डोकेदुखी वाचली असती.

निपाणी_नाट्यपद

तबकडीदादा, बरोबर दुखण्यावर बोट ठेवलंत. यूट्यूबवर नाट्यपदांच्या आणि ख्यालाच्या जुन्या रेकॉर्डी ऐकताना हे आधी तपासा.

आपण ‘७८ ची रेकॉर्ड’, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांची, म्हणतो खरं, पण सुरुवातीच्या काळात सगळ्या रेकॉर्डी ७८ वर कापलेल्या नाहीत. ७४, ७५, ७६ असे वेग सर्रास असत, काही त्याहून कमी. अपलोड करणारा मात्र आजचं यंत्र ७८ वर ठेवून मोकळा होतो. ७४ वर कापलेली रेकॉर्ड ७८ वर फिरवली की आवाज ५.४ टक्के वर चढतो, म्हणजे जवळजवळ अख्खा एक अर्धस्वर. काळी एकमध्ये गाणारा पांढरी दोनमध्ये ऐकू येतो. तान नको तितकी चपळ वाटते, आवाज बारीक होतो आणि ३ मिनिटं २० सेकंदांचं पद ३ मिनिटं १० सेकंदांत संपतं.

दुरुस्ती ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये होते आणि ते फुकट आहे. फाइल उघडा, सगळं निवडा, इफेक्टमध्ये ‘पिच अँड टेम्पो’ खाली ‘चेंज स्पीड अँड पिच’ घ्या आणि मल्टिप्लायरच्या चौकटीत ७४ भागिले ७८, म्हणजे ०.९४९ टाका. इथं एक चूक हमखास होते. ‘चेंज पिच’ किंवा ‘चेंज टेम्पो’ वापरू नका. पहिल्यात पट्टी उतरते पण वेळ तितकाच राहतो, दुसऱ्यात वेळ वाढतो पण पट्टी तीच. रेकॉर्ड हळू फिरवली की दोन्ही एकदम बदलतात, म्हणून दोन्ही बदलणारंच साधन लागतं.

खरा वेग शोधायला पेटीची मदत होते. पेटीचे सूर ठरावीक पट्टीत बसवलेले असतात, त्यामुळे साथीची पेटी दोन पट्ट्यांच्या बरोबर मध्ये अडकलेली वाटली तर वेगात घोळ आहे असं समजा. पण जुन्या पेट्या आजच्या ४४० हर्ट्झच्या प्रमाणावर बसवलेल्या असतीलच असं नाही. वीसेक सेंटचा (अर्धस्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) फरक दिसला म्हणून लगेच रेकॉर्ड ओढू नका.

हलशी_ताई

पेटीच नसेल तर? सारंगी आणि तंबोऱ्यावरच्या रेकॉर्डींना काय करायचं?

अथणी_७८

ताई, मग त्याच गायकाची, त्याच सुमाराची, शक्यतो त्याच बैठकीत कापलेली दुसरी रेकॉर्ड शोधा. लेबलजवळच्या गुळगुळीत भागावर मॅट्रिक्स क्रमांक कोरलेला असतो. लागोपाठचे क्रमांक बहुधा एकाच दिवसाचे. त्यांतल्या एकीवर पेटी मिळाली की बाकीच्यांचा वेग तिच्यावरून बांधता येतो.

मात्र ‘आवाज बारीक वाटतो, म्हणजे रेकॉर्ड जोरात फिरलीय’ हा निष्कर्ष फार धोक्याचा. आपल्या धारवाडच्याच गंगूबाई हनगल बघा. १९३० च्या दशकातल्या त्यांच्या सुरुवातीच्या रेकॉर्डींच्या लेबलांवर ‘गांधारी’ असं नाव सापडतं, आणि त्यांतला आवाज उंच, नाजूक आहे. नंतर घशाचं दुखणं झालं, उपचार झाले आणि पुढं सगळ्यांनी ऐकलेला तो भरदार, जवळजवळ पुरुषी आवाज आला. नंतरचा आवाज प्रमाण धरून या रेकॉर्डी कुणी खाली ओढल्या, तर त्यांचा तरुणपणीचा गळाच पुसला जाईल. दोन्ही लागोपाठ ऐका. एकाच गळ्याची दोन आयुष्यं आहेत ती, आणि दोन्ही खरी आहेत.

उलटी चूकही झालेली आहे, तीही ओळखू येणाऱ्या गाण्याच्या सगळ्यांत जुन्या मुद्रणाबाबत. फ्रान्समध्ये एदुआर-लेऑं स्कॉट यानं १८६० साली काजळी धरलेल्या कागदावर गाण्याच्या लाटा उमटवल्या. परत वाजवायची सोयच त्या यंत्रात नव्हती. २००८ मध्ये संगणकानं त्या रेषा वाचून आवाज काढला, तेव्हा एखादी मुलगी गातेय असं वाटलं. पुढच्याच वर्षी कळलं की वेग दुप्पट धरला होता. निम्म्यावर आणल्यावर संथ लयीत गाणारा पुरुष निघाला, बहुधा स्कॉट स्वतःच. दोन्ही आवृत्त्या आंतरजालावर मिळतात. काही सेकंदांचं काम आहे, जरूर ऐका.

टिळकवाडी_तबकडी

वा अण्णा. याच्या जोडीला १९०२ च्या कलकत्त्यातल्या गोहर जानच्या रेकॉर्डी ऐका. गाणं संपताच ती इंग्रजीत ‘माय नेम इज गोहर जान’ असं ठणकावून सांगते. तो नखरा नव्हे. मेणाच्या मूळ तबकड्या छापायला जर्मनीत हानोफरला जात, आणि तिथल्या कारागिरांना लेबलवर कुणाचं नाव घालायचं ते कळावं म्हणून ही सोय. त्या काळच्या दुसऱ्या गायक-गायिकांच्या रेकॉर्डींच्या शेवटीही असा पुकारा ऐकू येतो. काही अपलोडांत शेवटचे दहा सेकंद ‘नको असलेलं’ म्हणून कापलेले असतात, तेव्हा पूर्ण लांबीची प्रत शोधा.

खानापूर_रानवारा

रेडिओबद्दल लिहितो, कारण आपल्या भागाची मोठी सोय म्हणजे चार दिशांची चार आकाशवाणी केंद्रं. मध्यम लहरीवरच्या वारंवारता अशा : धारवाड ७६५ किलोहर्ट्झ, सांगली १२५१, रत्नागिरी ११४३, पणजी १२८७. कन्नड, मराठी, कोकणी सगळं एकाच डब्यात. देशभर मध्यम लहरीचे प्रक्षेपक एकेक करून बंद होत चाललेत, तेव्हा जे चालू आहे ते ऐकून घ्या.

ऐकू येत नाही म्हणणाऱ्यांच्या तीन चुका असतात.

पहिली म्हणजे अंकी रेडिओची पायरी. आपल्याकडे केंद्रं ९ किलोहर्ट्झच्या पायरीवर आहेत, अमेरिकेत १० च्या. बाहेरून आणलेला रेडिओ १० वर ठेवलेला असेल तर तो ७६० नंतर थेट ७७० वर उडी मारतो आणि धारवाड सापडतच नाही. सेटिंगमध्ये ९ करा.

दुसरी, घरातला गोंगाट. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, सगळे मध्यम लहरीवर खरखर ओकतात. रेडिओ सेलवर चालवा आणि अंगणात किंवा गच्चीवर न्या. खात्री करायची असेल तर घराचा मेन स्विच मिनिटभर बंद करून बघा, खरखर गेली तर चोर घरातलाच.

तिसरी म्हणजे दिशा, आणि हिच्याकडं कुणी लक्षच देत नाही. रेडिओच्या आत फेराइटची कांडी, म्हणजे त्याचा अँटेना, आडवी बसवलेली असते. कांडीचं टोक केंद्राकडं असलं की आवाज सगळ्यांत कमी, कांडीची कूस केंद्राकडं असली की सगळ्यांत जास्त. बेळगावहून सांगली जवळजवळ सरळ उत्तरेला, हवाई अंतर एकशेदहा किलोमीटरच्या आसपास. म्हणजे सांगलीसाठी कांडी पूर्व-पश्चिम हवी. धारवाड आग्नेयेला, सत्तरेक किलोमीटरवर, त्यासाठी कांडी ईशान्य-नैर्ऋत्य ठेवा. याच गुणाचा उलटा उपयोग म्हणजे जवळचं केंद्र दाबून टाकून मागचं लांबचं ऐकणं. नको असलेल्या केंद्राकडं कांडीचं टोक करा.

रात्री लांबची केंद्रं येतात आणि आवाज वर-खाली होतो. दिवसा वातावरणाचा खालचा ‘डी’ थर या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि लहरी वरच्या थरावरून परावर्तित होऊन येतात. रेडिओ बिघडलेला नसतो.

एवढा खटाटोप नको असेल तर प्रसार भारतीच्या ‘न्यूज ऑन एअर’ अ‍ॅपवर देशभरातली केंद्रं आहेत. ६४ केबीपीएसचा प्रवाह तासाला साधारण २९ एमबी खातो. फक्त अ‍ॅपमधला आवाज हवेतल्या प्रक्षेपणाच्या मागं चालतो, तेव्हा त्यावरून घड्याळ लावू नका.

कारवार_किनारा

आकाशवाणीची ती सुरावट, केंद्र उघडतानाची, तिच्याबद्दल एक माहिती. शिवरंजनी रागावर बेतलेली ती धून वॉल्टर कॉफमन यांची. मध्य युरोपातून मुंबईत आलेले हे संगीतकार आकाशवाणीत पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख होते. खालचा तंबोरा आणि वरचं व्हायोलिन वेगवेगळं ऐकायचं असेल तर साधा हेडफोन लावा, फोनच्या स्पीकरला तंबोऱ्याचा खर्ज झेपत नाही.

आता माझ्या आवडीची नवलाई : लघुलहरीवरचा ‘बझर’. ४६२५ किलोहर्ट्झवर रशियातून एक भोंगा मिनिटाला पंचवीसेक वेळा वाजतो. शीतयुद्धापासून चालूय, आणि मध्येच कधीतरी माणसाचा आवाज रशियन नावं व आकडे वाचतो. ऐकायला रेडिओ लागत नाही. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेब-एसडीआर, म्हणजे आंतरजालावरून ऐकायचा रेडिओ, ब्राउझरमध्ये उघडा. तो शून्यापासून २९ मेगाहर्ट्झपर्यंत सगळं ऐकवतो. वारंवारतेच्या चौकटीत ४६२५ लिहा आणि ‘यूएसबी’ (अपर साइडबँड) हा प्रकार निवडा. युरोपात अंधार पडल्यावर, म्हणजे आपल्याकडं रात्री उशिरा ऐका. दिवसाउजेडी ही वारंवारता युरोपात लांब पोचत नाही, आणि लोक ‘बंद पडला’ म्हणून निघून जातात. पानावर मुद्रण सुरू करण्याचं बटण आहे, फाइल थेट उतरते.

हलशी_ताई

अ‍ॅपवरचा कार्यक्रम साठवायचा कसा? फोन स्पीकरजवळ धरून केलं तर पंख्याचाच आवाज येतोय की ओ.

अथणी_७८

स्पीकरसमोर फोन नकोच. विंडोजचा संगणक असेल तर तिथंच प्रवाह लावा. ऑडॅसिटीत ऑडिओ होस्टच्या जागी ‘विंडोज वासापी’ निवडा आणि मुद्रणाच्या साधनांत ज्याच्या पुढं ‘लूपबॅक’ लिहिलंय ते घ्या. संगणकातून जे वाजतंय तेच आतल्या आत मुद्रित होतं, खोलीतला आवाज शिरत नाही. सूचनांची टिंगटिंग आधी बंद करा, नाहीतर अभंगाच्या मधोमध वाजेल. आणि काही वाजत नसेल तेव्हा लूपबॅकचं मुद्रणही थांबतं, म्हणून मधल्या शांततेची लांबी चुकते. प्रवाह तुटला होता की नाही हे त्यावरून कळत नाही. बाजूला घड्याळ ठेवा.

जागेचा हिशेब : ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ वेव्ह फाइल मिनिटाला साडेअकरा एमबी, तासाला ६९० च्या आसपास. मोनो केली की निम्मी. साठवताना फ्लॅक करा, आवाज जसाच्या तसा राहतो आणि जागा आणखी कमी लागते. एमपीथ्रीतून पुन्हा एमपीथ्री मात्र करू नका, प्रत्येक वेळी झांजेची आणि टाळांची धार झिजते.

निपाणी_नाट्यपद

रेडिओवरून टेपवर घेतलेली जुनी भाषणं, गाणी बरीच अपलोड झालीत. त्यांच्याही वेगाला इलाज आहे. टेपमध्ये विजेची घूं असते, ती आपल्याकडं ५० हर्ट्झ. ऑडॅसिटीत अ‍ॅनालाइझ, मग ‘प्लॉट स्पेक्ट्रम’. तिथं साइझ मूळच्या २०४८ वर ठेवला तर काहीच कळणार नाही, कारण एकेक घर एकवीस हर्ट्झचं असतं. ६५५३६ करा, मग घर पाऊण हर्ट्झच्या आत येतं. गाणं नसलेला लांब तुकडा निवडा. शिखर ५१.५ वर दिसलं तर टेप ३ टक्के जोरात फिरलीय. मल्टिप्लायर ०.९७१.

दोन सावधगिऱ्या. ५० वर अगदी नेमकं, टोकदार शिखर असेल तर ती घूं बहुधा आत्ताच्या अपलोडवाल्याच्या तारेची आहे, टेपमधली नव्हे. तिच्याजवळ दुसरं, जरा पसरट शिखर शोधा. आणि पूर्वी आपल्या ग्रीडची वारंवारता ५० वर ठाम नसायची, भार वाढला की ४८ पर्यंतही उतरायची. म्हणून घूं पाहून अंदाज बांधा आणि पेटीवर पक्का करा.

खानापूर_रानवारा

खरखर काढण्याबद्दलही लिहा की. लोक इतकी साफसफाई करतात की गाणं पाण्याखाली गेल्यासारखं वाटतं.

अथणी_७८

होय, आणि सगळ्यांत आधी बळी जातो तंबोऱ्याचा. सतत, एकसारखा चालणारा आवाज म्हणजे कचरा, असं ते सॉफ्टवेअर समजतं, आणि तंबोरा तर सततच वाजतो. मिरजेच्या कारागिरानं जवारी लावताना जे रेशमी झणझणणं काढलेलं असतं तेच पहिल्यांदा पुसलं जातं.

माझा क्रम असा. रेकॉर्ड मोनो असून फाइल स्टिरिओ असेल तर आधी दोन्ही बाजू मिसळून मोनो करा. एवढ्यानंच खरखर कानाला कळेल इतकी उतरते, कारण गाणं दोन्हीकडं सारखं आणि खरखर वेगवेगळी असते. मिसळल्यावर गाणंच गायब झालं तर एक बाजू उलटी जोडलेली आहे. मागं येऊन त्या बाजूला ‘इन्व्हर्ट’ लावा आणि पुन्हा मिसळा. मग टकटक काढा. मग ८० हर्ट्झच्या खालचं आणि साधारण ८ किलोहर्ट्झच्या वरचं कापा, कारण ७८ च्या बहुतेक रेकॉर्डींत त्या वर खरखरीशिवाय फारसं नसतं. शेवटी, गरज वाटलीच तर, नॉइज रिडक्शन ६ डेसिबलवर. १२ जास्त होतं. नमुना घेताना गाणं सुरू होण्याआधीचा नुसत्या खाचेचा आवाज घ्या, तंबोरा सुरू झाल्यावरचा नको.

इंटरनेट अर्काइव्हवर काही रेकॉर्डी चार वेगवेगळ्या सुयांनी वाजवून ठेवलेल्या असतात. ‘फ्लॅट’ लिहिलेली फाइल पातळ आणि कर्कश लागते. ती खराब नाही, तिला खर्ज आणि तार आवाजांचा समतोल (ईक्यू) लावलेला नाही एवढंच. ऐकायला दुसरी घ्या, काम करायला ही.

बैलहोंगल_बाजा

शोधण्याबद्दल कुणी बोललंच नाही. आपल्या भागातलं निम्मं संगीत कन्नड नावानं अपलोड झालंय. श्रीकृष्ण पारिजात बघा, आपल्या जिल्ह्याचा लोकनाट्यप्रकार, रात्रभर चालणारा. देवनागरीत शोधलंत तर तुरळक सापडतं, कन्नड लिपीत टाकलंत की रात्र पुरत नाही. रोमनमध्ये शोधताना लक्षात ठेवा, कन्नड मंडळी ‘त’साठी टीच्या पुढं एच लावतात आणि शेवटचा ‘अ’ लिहितात. म्हणून ‘पारिजाथा’ असं दिसेल तसं लिहा. ‘बेलगाम’, ‘हुबळी’ ही गावांची जुनी इंग्रजी स्पेलिंगंही वापरा, लेबलांवर तीच आहेत.

सौंदत्तीच्या यल्लम्माची चौंडक्यावरची पदंही अशीच दोन्ही भाषांत आहेत. मराठी आणि कन्नड पद एकामागून एक लावा आणि शब्द सोडून चौंडक्याच्या ठेक्याकडं कान द्या.

निपाणी_नाट्यपद

बाजाअण्णा, याच धाग्यात संगीत नाटकही येतं. अण्णासाहेब किर्लोस्कर १८४३ साली आपल्या जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मले, आणि १८८० मध्ये पुण्यात त्यांचं शाकुंतल रंगभूमीवर आलं. जुन्या संगीत नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून मूळ गाण्याचे शब्द दिलेले असतात. कुठं लावणी, कुठं हिंदी चीज, कुठं कन्नड पद. ते शब्द घेऊन बाजाअण्णा म्हणतात तसं तिन्ही लिप्यांत शोधा. मूळ चाल आणि नाट्यपद शेजारी शेजारी ऐकायला मिळालं की गायकानं कुठली जागा स्वतःची घातली ते उघडं पडतं.

हलशी_ताई

आणि आपण साफ केलेलं पुन्हा अपलोड करायला चालतं का?

टिळकवाडी_तबकडी

ताई, भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्ध झालेल्या सालानंतर ६० वर्षं. १९६४ ला निघालेली रेकॉर्ड १ जानेवारी २०२५ ला मोकळी झाली. पण गीत आणि चाल यांचा हक्क वेगळा असतो, तो रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. देवल १९१६ ला गेले, खाडिलकर १९४८ ला, गोविंदराव टेंबे १९५५ ला, तेव्हा त्यांच्या पदांना अडचण नाही. रेकॉर्ड जुनी पण कवी अलीकडं गेलेला, असं असेल तर थांबा. रेडिओ प्रक्षेपणाचा हक्क २५ वर्षांचा, पण त्यात वाजलेल्या गाण्याचा हक्क त्याच्या त्याच्या हिशेबानं चालतो.

बैलहोंगल_बाजा

जत्रेत फोनवर मुद्रण करणाऱ्यांसाठी एवढंच लिहितो. फोन विमान मोडवर टाका. मुद्रणाच्या अ‍ॅपमध्ये वेव्ह, ४८ किलोहर्ट्झ निवडा आणि आपोआप आवाज सांभाळणारी सोय बंद करा. ती चालू असली तर चौंडक्याच्या प्रत्येक ठोक्यानंतर गाणारीचा आवाज दबतो आणि फुगत परत येतो, आणि तो दोष नंतर काढता येत नाही. पातळी अशी ठेवा की मोठ्यात मोठा ठोका उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील. फोन गाणारीपासून दीड मीटरवर, चौंडक्याच्या तोंडासमोर नको, जरा तिरका. माइकच्या भोकावर वारा लागत असेल तर पातळ सुती रुमालाची एक घडी पुरे, दोन घड्या घातल्या की झांज बोथट होते. पेटी ज्या टेबलावर आहे तिथं फोन ठेवू नका, भात्याचे धक्के लाकडातून येतात. सुरुवातीला गाव, तारीख आणि कुठल्या भाषेतलं पद आहे ते बोलून ठेवा, गोहर जानसारखं.